पात्रांची घडण

गेलीं तीस वर्षें आम्ही महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहों. या अवधींत 'स्वभावचित्रण' या विषयावर आम्हीं जितकीं व्याख्यानें दिलीं, तितकीं दुसऱ्या कोणत्याही विषयावर दिलीं नसतील. हॅम्लेट जिवंत कां वाटतो आणि सामान्य नाटकांतला राजपुत्र लाकडी कां वाटतो, हें आम्ही प्रतिवर्षीं नव्या विद्यार्थ्यांस मोठ्या आत्मविश्वासानें सांगत आलों आहों. परंतु स्वतः एखादें पात्र निर्माण करण्याचा प्रसंग आला कीं हा आत्मविश्वास कोठें जातो कोण जाणे! आमच्या टेबलाच्या तळच्या खणांत आमच्या एकुलत्या एका कादंबरीचीं पहिलीं चाळीस पानें पडून आहेत. चाळिसाव्या पानावर नायक मिरजेच्या स्टेशनांत गाडीची वाट पाहत उभा आहे. ती गाडी वीस-पंचवीस वर्षें झालीं तरी आलेली नाहीं. कारण तींतून कोण उतरणार, हें आम्हांसच ठाऊक नाहीं.

अशा आमच्या हातून आयुष्यांत एकच पात्र खरोखर घडलें, आणि तेंही एका पोरखेळांत. ती हकीकत सांगण्याचा इतके दिवस संकोच वाटत होता. आतां पन्नाशी उलटून गेल्यावर तो बाळगण्यांत अर्थ नाहीं.

सन 2005 च्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही अमेरिकेस, न्यू जर्सी राज्यांत, बहिणीकडे गेलों होतों. भाचा त्या वेळीं बारा वर्षांचा होता. एका संध्याकाळीं त्यानें आम्हांस हाताला धरून आपल्या कंप्यूटरपुढें बसविलें आणि विचारलें, "मामा, तुला हीरो व्हायचंय?" आमच्या पिढीस 'हीरो' म्हटला कीं रुपेरी पडद्यावरचा नट आठवतो. अमेरिकेंत त्या शब्दाचा एक निराळाच अर्थ रूढ आहे. 1938 सालीं तेथील चित्रकथांच्या मासिकांत सुपरमॅन अवतरला, आणि त्याच्यामागून घट्ट रंगीत पोषाखांतल्या, मुखवटे चढविलेल्या अतिमानवी वीरांची एक वंशावळच सुरू झाली. यांस तिकडे सुपरहीरो म्हणतात. भाच्याच्या खेळांत आम्हांस तसला एक वीर व्हावयाचें होतें.

खेळाचें नांव 'सिटी ऑफ हीरोज'. कॅलिफोर्नियांतील क्रिप्टिक स्टुडिओज या मंडळीनें तो रचला आणि एनसीसॉफ्ट या कोरियन कंपनीनें 2004 च्या एप्रिलमध्यें तो लोकांपुढें आणला. रोड आयलंड राज्यांत पॅरागॉन सिटी नांवाचें एक काल्पनिक शहर वसविलेलें आहे. त्यांत गुंड, मांत्रिक आणि परक्या जगांतले आक्रमक यांचा सुळसुळाट झालेला आहे. आणि त्यांचा बंदोबस्त करण्यासाठीं हजारों माणसें आपापल्या घरच्या कंप्यूटरवरून एकाच वेळीं त्या शहराच्या रस्त्यांवर हिंडत असतात. प्रत्येकाचा वीर ज्याचा त्यानें घडविलेला. खेळ एवढाच, पण त्यांतला 'घडविलेला' हा शब्द आम्हांस पहिल्याच संध्याकाळीं भोंवला.

प्रथम शरीराची ठेवण निवडावयाची: पुरुष, स्त्री किंवा अगडबंब. मग उंची, मग खांदे, छाती, कंबर, मग चेहरा, केस, मुखवटा, हातमोजे, पट्टा, जोडे, आणि वस्त्रांचे रंग दोन दोन, एक अंगाचा आणि एक नक्षीचा. आमचे दोन तास नुसत्या चेहऱ्यावरच गेले. हनुवटी जरा पुढें घ्यावी तर मनुष्य हट्टी दिसे. मागें घ्यावी तर तो आमच्या एका सहकाऱ्यासारखा दिसूं लागे. भाचा शेजारीं बसून जांभया देऊं लागला. "मामा," तो शेवटीं काकुळतीनें म्हणाला, "अजून गेम सुरूच झाला नाहीं!" त्यास काय सांगावें? आमच्या मतें खेळ केव्हांच सुरू झाला होता.

अंगयष्टीइतकीच महत्त्वाची असते ती वीराची जात. मूळच्या जाति पांच: हातघाईवर येऊन लढणारा तो स्क्रॅपर, साऱ्यांचे घाव आपल्या अंगावर घेणारा तो टँकर, दुरून आग ओकणारा, पण स्वतः नाजूक, तो ब्लास्टर, शत्रूस जागच्या जागीं खिळवून टाकणारा तो कंट्रोलर, आणि सोबत्यांस सांभाळणारा तो डिफेंडर. आमच्या जुन्या नाट्यशास्त्रकारांनीं नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत व धीरप्रशांत असे चार प्रकार पाडून ठेविले आहेत. त्यांनीं मनुष्याची वृत्ति पाहिली. या अमेरिकन शास्त्रकारांनीं एक निराळाच प्रश्न विचारला: संकटाच्या वेळीं हा मनुष्य कोठें उभा राहतो? वर्गांत चार प्रकार शिकवितांना हा पांचवा प्रश्न आम्हांस कधीं सुचला नव्हता, हें कबूल केलें पाहिजे.

जात ठरली कीं तींतले दोन शक्तिसमूह निवडावयाचे, एक मुख्य आणि एक दुय्यम. आणि ती निवड कायमची. पुढें पराक्रम करीत पायरी पायरीनें वर चढावें. पन्नासावी पायरी शेवटची. कांहीं ठराविक पायऱ्यांवर एक एक नवी शक्ति घेतां येते. पण एक घ्यावी तर दुसरी त्या वेळेपुरती तरी सोडावी लागते. जो उत्तम मारतो त्यास मार सोसवत नाहीं, आणि जो दुसऱ्यास बरें करतो त्याचा स्वतःचा ठोसा लेचापेचा असतो. आमच्या कादंबरीच्या नायकास आम्हीं विद्वत्ता, शौर्य, विनोद, गायन आणि देशभक्ति अशी सगळीच सामग्री एकदम बहाल केली होती. बिचारा मिरजेस कां खोळंबला, याचा उलगडा आम्हांस न्यू जर्सींत झाला.

राहिला नांवाचा प्रश्न. एका सर्व्हरवर एक नांव एकदांच घेतां येतें. आम्हीं 'भीम' मागितलें, तें गेलेलें. 'मारुति' मागितलें, तेंही गेलेलें. आमच्या आधीं कोणीतरी आपला मनुष्य तेथें पोंचला होता, याचा आनंद मानावा कीं राग धरावा हें कळेना. सर्वच खेळाडूंस स्वतंत्र कल्पना सुचते असें मात्र नव्हे. 2004 च्या नोव्हेंबरमध्यें मार्व्हल या चित्रकथांच्या विख्यात कंपनीनें फिर्याद गुदरली कीं, या खेळांत आमच्या हल्क आणि वुल्व्हरीन यांच्या नकला बनवितां येतात. पुढें असें निघालें कीं, पुरावा म्हणून हजर केलेल्या नकलांपैकीं कांहीं मार्व्हलच्याच माणसांनीं खेळांत शिरून बनविल्या होत्या. न्यायाधीशांनीं तेवढा पुरावा काढून टाकला, आणि 2005 च्या डिसेंबरमध्यें उभयतांनीं प्रकरण आपसांत मिटविलें. नक्कल पकडण्याकरितां स्वतःच नक्कल करणारा पर्यवेक्षक आम्हीं परीक्षेच्या हॉलमध्यें अद्याप पाहिलेला नाहीं.

सांगलीस परत आलों तो हें वेड बरोबर घेऊन आलों. टेलिफोनच्या तारेवरून येणारें ब्रॉडबँड नुकतेंच आमच्या घरीं आलें होतें. खेळाची वर्गणी दरमहा पंधरा डॉलर. तेवढ्यांत घरांत किती दूध येईल याचा हिशेब आमच्या सौभाग्यवतींनीं एकदां मांडून दाखविला, पण दुसऱ्यांदां मांडला नाहीं, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहों. तिकडे शनिवारची रात्र असे तेव्हां इकडे रविवारची सकाळ. त्या वेळीं मामा-भाचे पॅरागॉन सिटींत भेटत. त्या खेळांत एक मोठी सोय होती. वरच्या पायरीचा वीर खालच्या पायरीच्या वीरास आपला 'साईडकिक' करून घेऊं शके; मग दोघे जवळ जवळ असेपर्यंत धाकट्याचें बळ थोरल्याच्या बळाच्या जवळपास जाऊन पोंचे. मामानें भाच्यास बोट धरून चालवावें हा आपल्याकडचा शिरस्ता. पॅरागॉन सिटींत तो उलटा झाला. बारा वर्षांचा गुरु पुढें, आणि त्याच्यामागून इंग्रजीचे प्राध्यापक. भारनियमनाचा तो काळ होता. ऐन झटापटींत आमच्या येथील वीज जाई, आमचा वीर भर रस्त्यांत अंतर्धान पावे, आणि भाच्यास एकट्यानें दहा गुंडांशीं सामना द्यावा लागे. नंतर फोनवर तो एकच शब्द बोले: "लाईट?"

एका सर्व्हरवर आठ पात्रें ठेवतां येत. भाच्याचें एकच पात्र झपाट्यानें पायऱ्या चढत होतें. आमचीं सात पात्रें दहाव्या पायरीवर बसून होतीं. एक घर बांधून होतें न होतें तोंच दुसऱ्या जागेची चौकशी करणारीं माणसें असतात, तशी आमची गत. वाऱ्याच्या वेगानें धांवणारा एक पोस्टमन होता. अंगावर दगडी कवच चढविणारा एक किल्लेदार होता. आमचा विशेष लाडका म्हणजे एक प्राध्यापक, जातीनें कंट्रोलर. 'मेस्मराइझ' या शक्तीनें तो एकेकास झोंपवी आणि 'मास हिप्नॉसिस'नें टोळीच्या टोळीस. ही विद्या मात्र आम्हांस खेळांत नव्यानें शिकावी लागली नाहीं.

आठवी जागा बरेच दिवस रिकामी होती. 2006 च्या पावसाळ्यांत एका रविवारीं आई आमच्या शेजारीं घेवड्याच्या शेंगा मोडीत बसली होती. तिच्याकडे पाहतां पाहतां वाटलें, हिचेंच पात्र करून पाहावें. जात ठरविण्यास क्षणभरही लागला नाहीं. डिफेंडरांच्या शक्तिसमूहांत 'एम्पथी' नांवाचा एक समूह आहे. त्यांतली 'हील अदर' ही शक्ति दुसऱ्यास बरें करते. स्वतःवर ती चालत नाहीं. 'अॅब्सॉर्ब पेन' याहून पुढची: सोबत्याची जखम भरून निघते आणि करणाराची स्वतःची प्रकृति खालावते. या शक्ति वाचतांना आम्हांस आमच्या घरचीं वीस वर्षें दिसलीं. आजीचें अंथरूण अकरा वर्षें आईनें काढलें होतें. आम्हां भावंडांचीं आजारपणें, वडिलांचें दुखणें, सर्व तिच्याच अंगावरून गेलें होतें.

केसांचा अंबाडा मिळाला. चष्मा मिळाला. साडी मात्र त्या अफाट कपाटांत कोठेंच नव्हती; लांब झग्यावर भागवावें लागलें. आईनें मान वर केली.

"ही कोण रे?"

"तूं."

"एवढी उंच?"

"कमी करतों."

"नको," ती म्हणाली, "असूं दे."

नांव आम्हीं रोमन लिपींत 'आजी' असें दिलें. तें कोणीं घेतलेलें नव्हतें. पात्राचा परिचय लिहिण्यास खेळांत सुमारें हजार अक्षरांची जागा असे. त्या जागेंत आम्हीं आईची हकीकत थोडक्यांत लिहिली. चाळीस पानें लिहून जें साधलें नव्हतें तें तेथें साधलें, असें आम्हांस वाटलें. भाच्यानें तो मजकूर वाचून विचारलें, "मामा, हें सगळं खरं आहे?" आपल्या आजीविषयीं त्यास यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें.

हें पात्र दहाव्या पायरीवर थांबलें नाहीं. आठ जणांच्या पथकांत ही आजी मागें उभी राही. पुढें आगीचे लोळ उठत, विजा कडाडत. तिचें, म्हणजे आमचें, लक्ष सोबत्यांच्या प्रकृतीच्या हिरव्या पट्ट्यांकडे. ज्याची पट्टी उतरूं लागली त्याच्याकडे हात करावयाचा. लढाई कशी झाली हें तिला पुष्कळदां लढाई संपल्यावरच कळे. आई शेजारीं बसून हें पाही, आणि कोणाची पट्टी घसरली कीं आमच्याआधीं म्हणे, "अरे, त्याच्याकडे बघ."

चौदाव्या पायरीवर मोठी निवड येई. त्या पायरीवर वीरास उडतां येऊं लागे. पण त्यासाठीं आधीं त्याच वर्गांतली एक कमी प्रतीची शक्ति घेतलेली असावी लागे. म्हणजे उडण्यापायीं दोन निवडी खर्ची पडत. आम्हीं कागदावर हिशेब केला. त्या दोन निवडी शुश्रूषेकडे लावल्या तर पथकाचा लाभ अधिक. भाचा केव्हांपासून आकाशांत विहरत होता, त्यानें एकदां लिहून पाठविलें, "मामा, आजीला फ्लाय दे ना." आम्हीं उत्तर दिलें, "मग सगळ्यांना सांभाळणार कोण?" त्यामुळें आमची आजी शहराच्या ट्राममधून जाई आणि पुढें पायीं चाले. एके दिवशीं आईनें पडद्यावर बोट ठेवून विचारलें, "तो वर, आणि मी खालींच कां?" आम्हीं तिला चौदाव्या पायरीचा सगळा हिशेब समजावून सांगितला. तिनें तो शांतपणें ऐकून घेतला. "असूं दे," ती शेंगांचें ताट उचलीत म्हणाली, "खालीं कोणीतरी लागतंच."

विसाव्या पायरीपर्यंत या शहरांत कोणास पाठीवर केप घेतां येत नसे. परक्या जगांतल्या शत्रूंशीं झालेल्या युद्धांत शहराचा एक थोर वीर कामास आला, त्याच्या सुतकांत ही प्रथा पडली, अशी खेळांतली कथा. विसाव्या पायरीवर एक छोटी कामगिरी पार पाडली कीं तो मान मिळे. आजीस आम्हीं पांढरी केप दिली. पाठीवरून ती पदरासारखी दिसे.

2008 च्या जानेवारींत आई गेली. दिवसकार्य उरकल्यावर तिचें कपाट आवरतांना एका जरीच्या साडीच्या घडींत तिचा पासपोर्ट सांपडला. 2001 सालीं बहिणीनें आग्रह करकरून तो काढविला होता. प्रत्येक वर्षीं जाण्याचें ठरे आणि प्रत्येक वर्षीं कांहीं निघे: वडिलांच्या डोळ्यांचें ऑपरेशन, सुनेचें बाळंतपण, आमचा प्रबंध. पासपोर्टाचें एकही पान वापरलेलें नव्हतें. आई जन्मांत विमानांत बसली नाहीं. तो हातांत घेऊन उभे असतां आम्हांस चौदाव्या पायरीचा तो हिशेब आठवला. जेथें कोणासही कांहींही होतां येतें अशा नगरींतही आम्हीं तिला शुश्रूषाच करावयास लाविलें होतें, आणि त्यास गौरव समजत होतों. वर्गांत आम्ही सांगत आलों कीं लेखक पात्रास काय देतो तें पाहा. त्यानें काय दिलें नाहीं, याकडेही पाहावें लागतें, हें आम्हांस त्या कपाटापुढें कळलें.

त्यानंतर तें पात्र आम्हीं फारसें उघडलें नाहीं. बदलण्याचा धीर झाला नाहीं, आणि तसेंच चालविण्याची इच्छा उरली नाहीं. 2012 च्या 31 ऑगस्ट रोजीं खेळ बंद होणार असें जाहीर झालें. 30 नोव्हेंबरला शेवटची रात्र. भाचा त्या वेळीं कॉलेजांत होता. तरी तो आला. अॅटलास पार्क या चौकांत खांद्यावर पृथ्वी तोलून धरणारा अॅटलासचा एक भव्य पुतळा आहे. त्याच्या पायथ्याशीं शेंकडों वीर जमले होते. आमच्या येथें दुसरा दिवस उजाडून वर आला होता. आजी पांढरी केप घेऊन गर्दींत उभी होती. मग पडद्यावर संबंध तुटल्याची सूचना आली, आणि तें शहर नाहींसें झालें.

2019 च्या वसंतांत तें पुन्हां उघडलें. कांहीं हौशी मंडळींनीं खेळ गुपचूप जिवंत ठेविला होता, असें बाहेर आलें. त्याची मूळ संहिता लोकांच्या हातीं गेली, आणि 'होमकमिंग' नांवाच्या स्वयंसेवकांच्या गटानें तो सर्वांसाठीं चालूं केला. भाच्यानें लगेच फोन केला. परंतु मालकाच्या परवानगीवांचून चाललेल्या घरांत शिरणें आमच्या मास्तरी मनास पटेना. 2024 च्या जानेवारींत एनसीसॉफ्टनें त्या गटास रीतसर परवाना दिला; तेव्हां आमची ही सबबही संपली.

जुनीं पात्रें तेथें नव्हतीं. सर्व पहिल्यापासून घडवावें लागलें. चेहऱ्यास या वेळीं दोन तास लागले नाहींत. दहा मिनिटेंही लागलीं नसतील. अंबाडा, चष्मा, झगा. उंची तीच ठेविली. नांवही मिळालें. मध्यंतरीं खेळाचे नियम सैल झाले आहेत. आतां चौथ्याच पायरीवर उडतां येतें, आणि आधीं दुसरें कांहीं घ्यावें लागत नाहीं. चौथ्या पायरीवर शुश्रूषेची एक चांगली शक्ति समोर होती. ती आम्हीं तशीच राहूं दिली.

भाचा आतां तिशी ओलांडलेला घरसंसारी गृहस्थ झाला आहे. त्याचा वीर पुतळ्याच्या माथ्यावर वाट पाहत उभा होता. आजी जमिनीवरून सुटली, दिव्यांच्या खांबांवरून गेली, पुतळ्याच्या गुडघ्यांवरून, खांद्यांवरून गेली. "आली," एवढेंच त्यानें लिहिलें.

आम्ही कांहीं वेळ तेथेंच तरंगत राहिलों. खालच्या चौकांत नव्या वीरांची झुंज चालली होती आणि कोणाची तरी पट्टी उतरत होती. तिकडे दुसऱ्या कोणीं पाहिलें असेल.